समजून घ्या : परदेशात स्वयंसेवक म्हणून राहायचं म्हणजे रोज नेमकं काय करायचं असतं?

"ताई, परदेशात व्हॉलंटियर म्हणून जायला दीड लाख भरावे लागतात का?"

अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाचा हा मेसेज मागच्या महिन्यात आला. मीही त्याच कॉलेजची. बातमीदारीत आल्यापासून ज्युनिअर मुलं कशाबद्दलही विचारतात, पण हा प्रश्न नवा होता. त्याला मोबाइलवर एका एजन्सीची जाहिरात दिसली होती. सहा आठवडे आफ्रिकेतल्या एका देशात राहायचं, शाळेतल्या मुलांना शिकवायचं, शेवटी प्रमाणपत्र मिळणार. त्याचे वडील शेतकरी. मंचरच्या बाजारात कांदा विकून आलेल्या पट्टीतले पैसे त्यांनी बाजूला ठेवले होते. "पोरगं बाहेरचं जग बघून येईल," एवढाच त्यांचा हिशेब.

मी त्याला उलट विचारलं, "तिथे गेल्यावर सकाळी उठून तू काय करणार?" तो म्हणाला, "शिकवणार." कोणत्या भाषेत? त्याला माहीत नव्हतं. तुझ्याआधी तिथे कोण शिकवत होतं? तेही माहीत नव्हतं.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे 'शाश्वत विकासासाठी आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष' म्हणून जाहीर केलं आहे. त्यामुळे अशा संधींच्या आणि संधीच्या नावाखाली फिरणाऱ्या जाहिराती आणखी दिसतील. म्हणून हे नीट समजून घेऊ. पैसे किती लागतात हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण तो दुसरा. परक्या देशात, परक्या माणसांत स्वयंसेवकाचा दिवस कसा जातो, हा पहिला.

स्वयंसेवक नेमकं कोणाला म्हणायचं?

आपल्याकडे कॉलेजमध्ये स्वयंसेवक म्हटलं की राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस आठवते. १९६९ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास काम करायचं असतं, शिवाय गावात सात दिवसांचं शिबिर असतं. शिबिर संपलं की आपण घरी येतो. आपली भाषा, आपलं जेवण, फार तर ताट वेगळं.

परदेशातल्या स्वयंसेवेचं तसं नसतं. तिथे काम आणि राहणं वेगळं काढता येत नाही. सकाळी दूध आणायला गेलात तरी तुम्ही 'तो बाहेरून आलेला' असता. ही नोकरी नाही, शिक्षण नाही आणि सहलही नाही. पण बिनपैशाचं काम असंही सरसकट म्हणता येत नाही. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम, म्हणजे यूएनव्ही, आपल्या आंतरराष्ट्रीय स्वयंसेवकांना पगार देत नाही, पण राहण्याखाण्यापुरता मासिक निर्वाह भत्ता, प्रवासखर्च आणि आरोग्य विमा देतो. अमेरिकेच्या पीस कोअरचंही तत्त्व तेच आहे. स्वयंसेवकाने स्थानिक लोकांसारखं राहावं आणि त्याला तेवढे पैसे मिळावेत.

थोडक्यात, चांगल्या संस्थेत स्वयंसेवकाने श्रीमंत व्हायचं नसतं, पण त्याने कर्जही काढायचं नसतं.

सोलापूरचे डॉक्टर चीनमध्ये कसे राहिले?

मराठी माणसासाठी या विषयातलं सगळ्यात मोठं उदाहरण घरचंच आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूरला झाला. मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेऊन ते पुढच्या शिक्षणाच्या तयारीत होते. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केलं. चीनकडून डॉक्टरांची मागणी आली आणि काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवायचं ठरवलं. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. डॉ. अटल, डॉ. चोळकर, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि डॉ. कोटणीस असे हे पाच जण. त्यांतले चोळकर नागपूरचे. १ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबईहून बोटीने निघालं.

कोटणीस घराण्यात चीनची ओळख किती? घरच्यांना एवढंच माहीत होतं की तिकडचे लोक रेशीम विकायला येतात. आज आपण एखाद्या देशाचं नाव ऐकलं की पाच मिनिटांत तिथल्या गल्लीचा व्हिडिओ बघतो. तेव्हाचा सत्तावीस वर्षांचा डॉक्टर मात्र ज्या देशात निघाला होता, त्याबद्दल जवळपास काहीच न जाणता बोटीत बसला.

बोटीतून उतरून ते थेट येनानला गेले असतील असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात मुंबई सोडल्यापासून येनानला पोहोचायला पाच महिन्यांहून अधिक काळ गेला. युद्धामुळे शहरं मागे पडत होती आणि पथक पुढे सरकत होतं. याच काळात, चुंगकिंगमध्ये असताना, कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. घरी परतायची मुभा होती. ते परतले नाहीत.

येनान हा डोंगराळ, कोरडा भाग. लोक टेकडीत कोरलेल्या गुहांच्या घरांत राहत. रोजचं मुख्य अन्न राळं. हो, आपल्याकडे जुन्या माणसांना माहीत असलेलं तेच बारीक तृणधान्य. चिनी भाषेत त्याला शाओमी म्हणतात. हा मजकूर तुम्ही त्या नावाच्या फोनवर वाचत असाल, तर तुमच्या हातात त्या धान्याचंच नाव आहे. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या सोलापूरच्या माणसाला राळ्याची पेज अगदीच परकी वाटली नसावी, पण रोज तीच खाणं ही वेगळी गोष्ट.

खरी अडचण भाषेची होती. जखमी सैनिकाला कुठे दुखतं हे विचारता येत नसेल तर डॉक्टरची पदवी अर्धीच कामाची. कोटणीस चिनी बोलायला शिकले आणि वाचायलाही शिकले. ते इतके पुढे गेले की नंतर चिनी विद्यार्थ्यांना चिनी भाषेतच शस्त्रक्रिया शिकवू लागले आणि त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकाचं लेखनही त्यांनी केलं. त्यांना चिनी नाव मिळालं, को दीहुआ. त्यातल्या 'हुआ'चा अर्थ चीन.

पुढे ते आघाडीवर गेले. १९४० च्या लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं. १९४१ मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. डॉ. नॉर्मन बेथून हे कॅनडाहून आलेले सर्जन, त्यांच्यासारखेच स्वयंसेवक. १९३९ मध्ये चीनमध्येच त्यांचा मृत्यू झाला होता. कोटणीसांनी तिथल्याच परिचारिका को चिंगलान यांच्याशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, ९ डिसेंबर १९४२ रोजी, फेफऱ्याच्या आजाराने कोटणीस गेले. वय ३२.

पथकातले बाकीचे चौघे टप्प्याटप्प्याने भारतात परतले. त्यांचं काम कमी मोलाचं नव्हतं. पण चीन आजही कोटणीसांना ओळखतो. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. सोलापुरातल्या त्यांच्या राहत्या घरी आता स्मारक आहे. त्यागाच्या गोष्टी आपण शाळेत ऐकतो. त्या गोष्टीतला रोजचा भाग मात्र सुटून जातो. राळ्याची पेज, गुहेतली रात्र, चुकत माकत शिकलेली भाषा, आणि येनानला पोहोचेपर्यंतचे पहिले पाच महिने. ते सगळं झालं म्हणून पुढचे ७२ तास शक्य झाले.

आणि उलटा प्रवास? विक्रोळीत आलेल्या अमेरिकन आजी

स्वयंसेवक फक्त इथून तिकडे गेले असं नाही. तिकडून इथेही आले. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी १९६१ मध्ये पीस कोअर सुरू केली. त्याच वर्षी तिचे स्वयंसेवक भारतात आले आणि १९७६ पर्यंत येत राहिले. या काळात चार हजारांहून अधिक अमेरिकन स्वयंसेवक भारतात राहून गेले. शेती, कुक्कुटपालन, आरोग्य, कुटुंबनियोजन अशी त्यांची कामं.

त्यांतल्या एक होत्या लिलियन कार्टर. जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या छोट्या गावातल्या परिचारिका, पती वारलेले, मुलं मोठी झालेली. १९६६ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्या पीस कोअरमध्ये दाखल झाल्या. तीन महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन त्या मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत आल्या आणि सुमारे २१ महिने राहिल्या. पुढे १९७७ मध्ये त्यांचा मुलगा जिमी कार्टर अमेरिकेचा अध्यक्ष झाला. विक्रोळीत मात्र त्या कोणाच्या आई म्हणून आल्या नव्हत्या, दवाखान्यातल्या बाई म्हणून राहिल्या.

सुरुवातीला त्यांच्याकडे कुटुंबनियोजनाचं काम होतं. ते त्यांना मानवलं नाही. मग त्या दवाखान्यात काम करू लागल्या. तिथे येणाऱ्यांत कुष्ठरुग्णही असत. ज्या काळात आपल्याकडेही लोक अशा रुग्णापासून चार हात लांब राहत, त्या काळात परदेशातून आलेली एक वयस्कर बाई त्यांची मलमपट्टी करत होती. त्यांनी घरी लिहिलेल्या पत्रांचं पुस्तक १९७७ मध्ये निघालं. पन्नाशीनंतर पीस कोअरमध्ये काम केलेल्या स्वयंसेवकांसाठी त्यांच्या नावाचा पुरस्कार आजही दिला जातो.

यातली एक गोष्ट जाणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. ज्या कामासाठी पाठवलं, ते काम तुम्हाला जमेलच असं नाही. गेल्यावर काही महिन्यांनी आपला खरा उपयोग कुठे आहे ते कळतं. पण ते कळायला तिथे तेवढे महिने राहावं लागतं.

पहिले काही महिने जड का जातात?

याला नाव आहे, 'कल्चर शॉक'. कॅनेडियन मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९५० च्या दशकात ही कल्पना मांडली आणि १९६० मधल्या त्यांच्या लेखामुळे ती सगळीकडे पोहोचली. त्यांनी चार टप्पे सांगितले. पहिला नव्याच्या नवलाईचा, दुसरा वैतागाचा, तिसरा सावरण्याचा, चौथा रुळण्याचा.

पहिल्या टप्प्यात सगळं छान दिसतं. फोटो जातात, लाइक्स येतात. दुसऱ्यात छोट्या गोष्टी त्रास देऊ लागतात. ओबर्ग यांचं निरीक्षण असं की माणूस मोठ्या संकटाने मोडत नाही. रोज न कळत आपण ज्या खुणांवर चालतो त्या सगळ्या एकदम गायब होतात, म्हणून तो मोडतो. हात मिळवायचा की नमस्कार करायचा? कोणी जेवायला बोलावलं तर ते खरंच बोलावलं, की रीत म्हणून? 'नाही' कसं म्हणायचं? भाव करायचा की सांगितले तेवढे द्यायचे?

आपल्याकडच्या मुलामुलींसाठी ही यादी अशी होते :

भाषा : इंग्रजी येतं म्हणजे भागेल असं वाटतं. कार्यालयात भागतं. दुकानात, दवाखान्यात, शेजारच्या आजीशी भागत नाही. मोबाइलवरचं भाषांतराचं ॲप शब्द देतं. कोणाशी आदराने बोलायचं आणि कोणाशी सलगीने, हे माणसांकडूनच शिकावं लागतं.

जेवण : शाकाहारी असाल तर रोज कोणाला तरी समजावून सांगावं लागतं. मांसाहारी असाल तरी जे समोर येईल ते ओळखीचं असेलच असं नाही. यजमानाने त्याच्या घरातलं चांगलं ते वाढलेलं असतं, ही यातली खरी अडचण. ते नाकारायचं कसं?

वेळ : कुठे नऊची बैठक नऊला सुरू होते, कुठे अकराला. आपण दोन्हीकडे चुकतो.

प्रश्न : वय काय, लग्न झालं का, पगार किती, धर्म कोणता. आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेली व्यक्ती हे सगळं विचारते. दुसऱ्या देशात कुठे हे विचारणं उद्धटपणा ठरतो, तर कुठे न विचारणं तुटकपणाचं वाटतं.

एकटेपणा : गणपतीत, दिवाळीत घर आठवतं. कोटणीसांच्या काळात पत्राला महिने लागत. आता रोज व्हिडिओ कॉल होतो. त्याने आधार मिळतो, पण रोजची संध्याकाळ फोनवर घरच्यांशी बोलण्यात गेली तर शेजारी कधीच ओळखीचा होत नाही.

रिकामा वेळ : हे कोणी आधी सांगत नाही. पहिल्या महिन्यांत बराच वेळ वाट बघण्यात जातो. सामान येण्याची, परवानगीची, कोणीतरी विश्वास ठेवण्याची वाट. आपण काहीच करत नाही असं वाटतं. खरं तर तेव्हा गाव तुम्हाला बघत असतं.

मग उपयोग नेमका कोणाचा होतो?

इथे आमच्या एनएसएस शिबिराची गोष्ट सांगते. आंबेगाव तालुक्यातल्याच एका वाडीत आम्ही सात दिवस होतो. सांडपाण्यासाठी शोषखड्डे घ्यायचं ठरलं. आम्ही इंजिनीअरिंगची मुलं. टेप लावला, आखणी केली, दोन दिवस खणलं. तिसऱ्या दिवशी एक आजी काठी टेकत आल्या, खड्ड्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "पावसाळ्यात समदं पाणी इथनंच जातं बाळांनो. भरून जाईल की ह्यो." आम्ही त्यांच्या घरासमोर दोन दिवस खणत होतो आणि कोणी त्यांना विचारलं नव्हतं. आमची भाषा एकच होती, तरीही.

मग जिथे भाषाही वेगळी आहे तिथे सहा आठवड्यांत काय होणार, याचा अंदाज बांधता येतो.

पीस कोअरच्या स्थापनेपासूनची उद्दिष्टं तीन आहेत. एक, ज्या देशाला गरज आहे तिथे प्रशिक्षित माणसं देणं. दोन, तिथल्या लोकांना अमेरिकन माणूस कळावा. तीन, अमेरिकन माणसाला तिथले लोक कळावेत. तीनपैकी दोन उद्दिष्टं एकमेकांना ओळखण्याबद्दल आहेत. आपण जगाला मदत करून आलो असं परतलेल्याने म्हणण्याआधी हे प्रमाण आठवावं.

याचा अर्थ बाहेरच्या माणसाचा उपयोग नसतो असा नाही. पिएर सेरेसोल हे स्विस इंजिनीअर. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये त्यांनी काही मित्रांसह फ्रान्समधलं युद्धात उद्ध्वस्त झालेलं गाव बांधायला घेतलं आणि त्यातून 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संघटना उभी राहिली. जानेवारी १९३४ च्या भीषण भूकंपानंतर ते बिहारमध्ये आले आणि गावं पुन्हा वसवण्याच्या कामात राबले. पुढे १९५० च्या दशकात याच संघटनेच्या परदेशी तरुणांनी बाबा आमटे यांच्या आनंदवनात बांधकामासाठी श्रमदान केलं. या कामांत एक गोष्ट समान होती. काय बांधायचं हे तिथल्या लोकांनी ठरवलं होतं. पाहुण्यांनी हात दिले.

उलट उदाहरणंही आहेत. अनाथाश्रमात काही आठवडे 'मुलांना प्रेम देण्यासाठी' येणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांमुळे नेपाळ, कंबोडियासारख्या देशांत धंदा उभा राहिला. नेपाळमधल्या अशा संस्थांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं युनिसेफने सांगितलं आहे. पाहुणे पैसे देतात, म्हणून मुलं गावाहून आणली जातात. ऑस्ट्रेलियात २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी या प्रकाराची दखल घेतली गेली. मुलांच्या बाजूनेही बघा. दर दीड महिन्याला नवी ताई, नवा दादा येतो, लळा लावतो आणि जातो.

जायचं असेल तर खरे मार्ग कोणते?

यूएनव्ही : संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १९७० मध्ये स्थापन केलेला कार्यक्रम, मुख्यालय जर्मनीत बॉनला. १८ ते २६ वयोगटासाठी युवा स्वयंसेवक हा गट आहे. २७ वर्षांपुढच्या अनुभवी लोकांसाठी 'स्पेशालिस्ट' गट असून त्याला किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. नोंदणी यूएनव्हीच्या संकेतस्थळावर होते आणि ती मोफत आहे. संयुक्त राष्ट्रांची कोणतीही संस्था भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर उमेदवाराकडून पैसे घेत नाही. कोणी मागितले तर तो फसवतो आहे, असं समजा.

ऑनलाइन स्वयंसेवा : यूएनव्हीचाच हा दुसरा प्रकार. वय १८ पूर्ण हवं. आठवड्याला जास्तीत जास्त २० तास आणि जास्तीत जास्त १२ आठवडे. भाषांतर, डिझाइन, डेटा, संकेतस्थळ अशी कामं असतात. अवसरीच्या हॉस्टेलवर बसूनही करता येतात. परक्या देशातल्या माणसाबरोबर काम कसं करायचं, याचा सराव मिळतो.

मेडिसिन्स सान्स फ्रंटियर्स : सीमांपलीकडे जाऊन काम करणाऱ्या डॉक्टरांची ही संस्था १९७१ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झाली. दिल्लीत तिचं कार्यालय आहे. नाव डॉक्टरांचं असलं तरी तिला पाणी आणि स्वच्छता, वीज, बांधकाम, पुरवठा सांभाळणारी माणसंही लागतात. म्हणजे सिव्हिल, मेकॅनिकलच्या मुलांनाही जागा आहे, पण शिकून लगेच नाही. कामाचा अनुभव लागतो आणि फ्रेंच किंवा अरबी येत असेल तर संधी वाढते. निवड झालेल्यांना मानधन मिळतं.

व्हिसा : इथे अनेक जण अडकतात. पगार नाही म्हणजे टुरिस्ट व्हिसा चालेल, असं नसतं. बऱ्याच देशांत विनामोबदला कामही काम मानलं जातं. ब्रिटनमध्ये तर धर्मादाय संस्थेत विनावेतन काम करण्यासाठी वेगळा व्हिसा आहे. 'टुरिस्टवर या, पुढचं आम्ही बघू' असं सांगणाऱ्या माणसापासून लांब राहा. गेल्या काही वर्षांत कंबोडिया, म्यानमार, लाओस इथे चांगल्या कामाचं आमिष दाखवून नेलेल्या भारतीय तरुणांकडून जबरदस्तीने ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतल्याचं उघड झालं आहे. परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल वेळोवेळी इशारे दिले आहेत. परदेशात अडचणीत सापडलेल्यांसाठी मंत्रालयाचं 'मदद' हे पोर्टल आहे.

पैसे भरण्याआधी हे सहा प्रश्न विचारा

१. माझ्याआधी हे काम कोण करत होतं आणि मी आल्यावर कोण करणार?

२. हे काम हवं, असं तिथल्या कोणी मागितलं आहे? त्या व्यक्तीशी मला बोलता येईल का?

३. मी भरलेल्या पैशांतले किती तिथे पोहोचतात? लेखी हिशेब मिळेल का?

४. भाषा शिकवणार आहात का? किती आठवडे?

५. व्हिसा कोणत्या प्रकारचा? त्यात स्वयंसेवेला परवानगी आहे हे कागदावर दाखवाल का?

६. आजारी पडलो, काम जमलं नाही किंवा परत यायचं ठरलं, तर विमा आणि परतीचं तिकीट कोणाकडे?

हे प्रश्न विचारल्यावर खरी संस्था रागावत नाही. उलट ती तुम्हाला आणखी चार प्रश्न विचारते. घरात कोण आहे, आधी एकटं राहिला आहेस का, काही झेपलं नाही तर काय करतोस?

गावातच सराव करता येईल का?

येईल. आमच्या वर्गात विदर्भातली, मराठवाड्यातली, कोकणातली मुलं होती. पहिल्या सत्रात मेसच्या भाजीवरून, बोलण्याच्या लकबीवरून रोज कुरबुर व्हायची. कोणाला आमची भाजी गुळमट वाटायची, कोणाला 'काय करून राहिला' ऐकून हसू यायचं. शेवटच्या वर्षापर्यंत तीच मुलं एकमेकांच्या गावच्या जत्रेला जात होती. ओबर्गचे चार टप्पे आम्ही हॉस्टेलवरच पार केले, फक्त तेव्हा त्यांना नाव आहे हे माहीत नव्हतं.

ज्याला परदेशात जायचं आहे त्याने आधी आपल्याच तालुक्यात स्वतःला पाहुणा करून बघावं. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आदिवासी वाड्या आहेत. उसाच्या तोडणीला आणि कांद्याच्या काढणीला बाहेरगावचे मजूर येतात. त्यांच्या मुलांची भाषा, त्यांचं जेवण, त्यांचा दिवस आपल्याला माहीत आहे का? महिनाभर तिथे रोज गेलं, आधी ऐकलं आणि नंतर हात लावला, तर आपल्याला हे जमतं की नाही ते कळेल. त्याला व्हिसा लागत नाही.

त्या मुलाचं पुढे काय झालं?

त्याने एजन्सीला सहाही प्रश्न मेल केले. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. व्हिसा टुरिस्ट. विमा स्वतःचा स्वतः काढायचा. भाषेची गरज पडत नाही, "मुलं फार प्रेमळ आहेत." पहिल्या तीन प्रश्नांना उत्तरच नव्हतं. खाली मात्र या आठवड्यात पैसे भरल्यास दहा टक्के सूट असल्याचं लिहिलं होतं.

त्याने तो मेल वडिलांना मराठीत वाचून दाखवला. ते म्हणाले, "आपण बियाणं घेताना सुद्धा दुकानदाराला ह्यापेक्षा जास्त विचारतो."

त्याने आता ऑनलाइन स्वयंसेवेसाठी नोंदणी केली आहे आणि फ्रेंचचा मोफत वर्ग शोधतो आहे. दोन-तीन वर्षं नोकरी करून, अनुभव घेऊन मग अर्ज करेन म्हणतो. कांद्याचे पैसे अजून बँकेतच आहेत.